माठाची तिवई की शाळेचं गेट?

जूनमध्ये शाळा उघडली की तांत्रिक विषय शिकवणाऱ्या सरांपुढे दरवर्षी तोच प्रश्न येतो. नववी-दहावीच्या मुलांकडून यंदा वेल्डिंगमध्ये काय करून घ्यायचं? बऱ्याचदा उत्तर मुख्याध्यापकांच्या खोलीत आधीच ठरलेलं असतं. सायकल स्टँड मोडलाय, मागचं गेट गंजलंय, संमेलनासाठी स्टेजचा सांगाडा हवाय. मुलं शिकतील आणि शाळेचं कामही फुकटात होईल. हिशेब ऐकायला चोख वाटतो, पण त्यात आणि एकूणच या विषयात इतके गैरसमज मुरलेले आहेत की ते एकेक करून बाहेर काढायला हवेत.

गैरसमज: वस्तू जेवढी मोठी, तेवढं शिक्षण जास्त.

एका शाळेत मी गेटचं काम चालू असताना गेलो होतो. दोन मुलं आलटून पालटून होल्डर धरत होती, चौघं चौकट दाबून उभी होती आणि उरलेला वर्ग लांबून बघत होता. गेट झालं, फोटोही निघाला. वर्षअखेरीस निम्म्या मुलांनी एकही रॉड संपवलेला नव्हता.

गेट किंवा खिडकीची जाळी करताना बहुतेक वेळ मोजण्यात, कापण्यात, चौकट गुण्यात बसवण्यात आणि घासण्यात जातो. प्रत्यक्ष वेल्डिंग त्यातला लहानसा भाग. हात बसायला मात्र एकाच जातीचा जोड पुन्हा पुन्हा मारावा लागतो. म्हणून वस्तू निवडताना ती किती मोठी आहे यापेक्षा तिच्यात किती जोड आहेत, कुठल्या प्रकारचे आहेत आणि ते टेबलावर आडवे ठेवून मारता येतात का, हे आधी मोजावं. उभा जोड किंवा डोक्यावरचा जोड नवख्याच्या हाती देऊ नये. वितळलेलं लोखंड खाली ओघळतं आणि मुलाला वाटतं की आपल्याला हे जमणारच नाही.

माझी निवड माठाच्या तिवईची. ५ मिमी जाड, २५ मिमी रुंद पट्टी पाइपच्या तुकड्याभोवती वाकवून २० सेंमी व्यासाचं कडं करायचं. त्याला १२ मिमी सळईचे ४५ सेंमी लांबीचे तीन पाय. पायांना मध्ये बांधायला त्याच पट्टीचे २० सेंमीचे तीन तुकडे. कडं बंद करायचा एक जोड, पायांचे तीन, आडव्या पट्ट्यांचे सहा, असे एकूण दहा जोड. दोन मुलांच्या जोडीला एक तिवई दिली तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच जोड येतात. बिघडलेला जोड छिन्नीने काढून पुन्हा मारायलाही वाव राहतो.

गणिताच्या सरांना इथे बोलवावं. सळईचं वजन काढायचं सूत्र बांधकामावरच्या प्रत्येक मुकादमाला पाठ असतं: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरमागे किलो. १२ मिमीला १४४ भागिले १६२, साधारण ०.८९ किलो. पट्टी मीटरमागे ०.९८ किलो भरते. तीन पायांची १३५ सेंमी सळई सुमारे १.२ किलो आणि १२३ सेंमी पट्टीही तेवढीच. एका तिवईला जेमतेम अडीच किलो लोखंड. वर्गाचा खर्च दुकानात जाण्याआधीच वहीत मांडता येतो.

गेट नको म्हटलं म्हणून उपयोगी वस्तू करूच नये, असा अर्थ नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून ते या गावात आले होते. मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख करून देणाऱ्या त्यांच्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार भाग आहेत. मुलांनी गावाला लागणारी कामं करायची आणि त्यांचा खर्चही स्वतः मांडायचा, ही त्यामागची रीत. हा अभ्यासक्रम मुलगे आणि मुली दोघांनाही सारखाच आहे, त्यामुळे ‘मुलींना वेल्डिंग जमत नाही’ या गैरसमजावर वेगळं लिहायची गरज नाही.

गैरसमज: पातळ पत्रा हलका आणि स्वस्त, म्हणून शिकायला सोपा.

हे अगदी उलटं आहे. एक मिमीच्या पत्र्यावर साध्या रॉडने आर्क पेटवला की नवख्याच्या हाताखाली भोक पडतं. ते बुजवायला जावं तर आणखी मोठं होतं. वर्कशॉपमधला ठोकताळा असा की रॉडच्या दर मिमी जाडीला सुमारे ४० अँपिअर. म्हणजे दहा गेजच्या, अर्थात ३.१५ मिमीच्या रॉडला सव्वाशेच्या आसपास. एवढी उष्णता पत्र्याला सोसत नाही, ५ मिमी पट्टीला सोसते. मुलाचा हात थरथरला, वेग कमीजास्त झाला, तरी जाड पट्टी सांभाळून घेते. पत्र्याची कचरापेटी दुसऱ्या वर्षासाठी ठेवावी. बाजारात मिळणाऱ्या पातळ चौकोनी पाइपची गोष्टही तीच.

गैरसमज: भंगारातलं कुठलंही लोखंड चालतं.

पैसे वाचवायचे तर भंगाराला पर्याय नाही हे खरं. स्लॅबच्या कामावरून उरलेल्या सळयांचे तुकडे, जुने अँगल, पट्ट्या खुशाल आणा. पण चार वस्तू दाराबाहेरच ठेवा.

पहिली वस्तू म्हणजे पाण्याचे जुने जीआय पाइप आणि जस्ताचा मुलामा असलेलं काहीही. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पोलाद वितळायला साधारण १५०० अंश लागतात. म्हणजे जोड लागण्याच्या कितीतरी आधी जस्ताची वाफ होते आणि पांढरा धूर नाकात जातो. संध्याकाळी हुडहुडी, ताप, अंगदुखी. एकदोन दिवसांत उतार पडतो, म्हणून कामगार त्याला हवाबदल समजतात. दुसरी वस्तू म्हणजे चकचकीत क्रोमचा मुलामा असलेले सायकलचे आणि मोटारसायकलचे भाग. त्यांचा धूर जस्तापेक्षाही वाईट.

तिसरी म्हणजे ट्रकचे पाटे. त्यात कार्बन जास्त असतो. साध्या रॉडने वेल्डिंग केलं की थंड होताना जोडाच्या कडेला ते ठिसूळ होतं आणि तडकतं. पाट्याचं खुरपं किंवा कोयता करणं हे लोहाराच्या भट्टीचं काम आहे, वेल्डिंगच्या तासाचं नव्हे.

चौथ्या वस्तूबाबत अजिबात सवलत नाही. तेलाचे, रंगाचे, रसायनांचे बंद पिंप, डबे, टाक्या. ‘रिकामा आहे, धुतलाय’ असं म्हणून पिंपाची चूल करायला घेतात. आत द्रव उरलेला नसला तरी सांध्यात आणि गंजात वाफ दडलेली असते. ठिणगी पडली की झाकण गोळीसारखं उडतं. शाळेत पिंप कापायचंच नाही. इथे चर्चा नको.

गैरसमज: दूध प्यायलं, गूळ खाल्ला की धूर बाधत नाही.

हा सल्ला फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कुणी ना कुणी देतोच, आणि मायेने देतो. पण दूध जठरात जातं आणि धूर फुप्फुसात. दोघांची गाठच पडत नाही. धुरावर उपाय एकच, तो नाकापर्यंत येऊ न देणं. काम उघड्या शेडमध्ये करायचं, वारा पाठीकडून नाही तर बाजूने येईल असं उभं राहायचं आणि रंग, ग्रीस, मुलामा आधी काढून टाकायचा. गूळ खावा, चांगला असतो, पण तो लोखंडी धुरावरचा उतारा नाही.

गैरसमज: काळा गॉगल पुरे. आणि नुसतं बघणाऱ्याला तर काहीच लागत नाही.

डोळ्यांना त्रास नुसत्या उजेडाने होत नाही. आर्कमधून निघणाऱ्या अतिनील किरणांनी डोळ्याचा बाहेरचा पडदा भाजतो. त्या क्षणी काहीच जाणवत नाही आणि फसगत होते ती इथेच. सहा-आठ तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचू लागतं, पाणी वाहतं, दिवा सहन होत नाही. मग घरी बटाट्याचे काप आणि गुलाबपाणी सुरू होतं. थंडाव्याने बरं वाटतं, एवढंच. डोळ्यांचे डॉक्टर गाठलेले बरे.

शाळेतल्या कामाला दहा-अकरा नंबरच्या काचेचा, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भोवती घोळका नको. जॉब असा निवडा की चार मुलं आडोशाआड वेल्डिंग करतील आणि बाकीची त्याच वेळी मोजणी, कटिंग, घासणी करतील. तिवईत हे साधतं, गेटमध्ये साधत नाही.

गणवेशाचंही सांगून टाकतो. टेरिकॉट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. त्या दिवशी अंगात जुना सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पायात बंद बूट हवेत. आणि ‘वेल्डिंगचा करंट लागत नाही’ हेही खोटं. रॉड पेटण्याआधी होल्डरवर सत्तर-ऐंशी व्होल्ट असू शकतात. पावसाळ्यात ओले हातमोजे आणि ओली फरशी असेल तर तेवढे पुरतात.

गैरसमज: गुळगुळीत जोड म्हणजे पक्का जोड.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ग्राइंडर फिरतो, खड्ड्यांत पुट्टी भरते, वर रेड ऑक्साइड चढतो आणि परीक्षक खूश होतात. कोपऱ्यातल्या जोडाची ताकद ठरते ती कोपऱ्याच्या टोकापासून जोडाच्या तोंडापर्यंतच्या जाडीवर. दोन्ही बाजूंना ५ मिमी चढलेल्या जोडात ही जाडी साडेतीन मिमीच असते. त्यातले दीड मिमी ग्राइंडरने उडवले तर दोनच उरतात. देखणेपणासाठी जवळपास निम्मी ताकद घालवली.

माझा आग्रह असा की तिवईला हात लावण्यापूर्वी प्रत्येक मुलाने पट्टीच्या दोन तुकड्यांचा टी जोड एका बाजूने मारावा, व्हाइसमध्ये धरावा आणि जोड उघडेल अशा दिशेने हातोड्याने वाकवून मोडावा. आत काळ्या रेघा दिसल्या तर स्लॅग अडकला. भोकं दिसली तर गंज किंवा ओल होती. पट्टीची कापलेली कड जशीच्या तशी दिसली तर लोखंड वरवर चिकटलं होतं, एकजीव झालंच नव्हतं. आपला जोड मोडून आत बघितलेलं पोर पुढच्या वेळी पुट्टी मागत नाही.

गैरसमज: चौकट गुण्यात धरली की वस्तू गुण्यातच राहते.

वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि ज्या बाजूला मारलं त्या बाजूला लोखंड ओढून घेतं. म्हणून आधी सगळीकडे छोटे टाके, मग समोरासमोरचे जोड थोडे थोडे. हे फळ्यावर सांगून कळत नाही, चार पायांचं स्टूल केलं की कळतं. मुलगा एका कोपऱ्यातून सुरू करून सलग चारही कोपरे मारतो, स्टूल खाली ठेवतो आणि ते डुगडुगतं.

तिवई डुगडुगत नाही. तीन टेकू कुठल्याही ओबडधोबड जमिनीवर बसतात, पाय थोडे लहानमोठे असले तरी फक्त वरचं कडं कलतं. म्हणून पहिल्या वर्षी तिवई, दुसऱ्या वर्षी चौपाई स्टूल. तिवईची खोड मात्र लपवू नये. दोन पायांच्या मधल्या बाजूला ढकललं तर ती स्टुलापेक्षा लवकर कलंडते, म्हणून पाय बाहेर फाकवायचे.

गैरसमज: मुलांनी केलेलं शाळेतच वापरलं की कौतुक होतं.

कौतुक होतं, पण झोपाळा, घसरगुंडी, बास्केटबॉलचा खांब, स्टेजचा सांगाडा यांचा जोड सुटला तर खाली माणूस असतो. शिकाऊ हाताचा जोड तिथे नको, मग तो कितीही देखणा असो. पंधरा लिटरच्या माठाखालचा जोड सुटला तर माठ फुटेल आणि पाणी सांडेल.

गेट फॅब्रिकेशनवाल्याला करू द्या. त्याच्याकडूनच ५ मिमी पट्टीचे उरलेले तुकडे मागून आणा आणि पहिल्या तासाला मुलांना मोडायला द्या.