घुबड अपशकुनी नाही : ओळख मत्स्य घुबडाची

आम्ही पिंप्राळ्यात मुलांना शिकवतो. पक्ष्यांचा धडा आला आणि घुबडाचे नाव निघाले की वर्गात कुजबुज सुरू होते. "घरावर उल्लू बोलला की मय्यत होते," असे कोणीतरी हमखास सांगते. ही भीती मुले घरूनच आणतात. म्हणून या वेळी एका घुबडाची नीट ओळख करून घेऊ.

सातपुड्यातल्या नदी-ओढ्यांच्या काठी, दाट जुन्या झाडांत मत्स्य घुबड राहते. लांबी सुमारे ५० ते ६० सेंटीमीटर, रंग तपकिरी, अंगावर काळपट रेघा, डोळे पिवळेधमक. डोक्यावर कानांसारखे दिसणारे दोन तुरे असतात. ते कान नव्हेत, नुसती पिसे आहेत.

त्याचे अन्न मुख्यतः मासे, बेडूक आणि खेकडे. बहुतेक मोठ्या घुबडांच्या पायांवर पिसे असतात, याचे पाय मात्र उघडे. त्यामुळे पाण्यात पाय घातले तरी पिसे भिजत नाहीत. तळव्यांवर खरखरीत, टोकदार खवले असतात, म्हणून निसटता मासाही सुटत नाही. उंदीर धरणाऱ्या घुबडाला आवाज न करता उडावे लागते. पाण्यातल्या माशाला पंखांचा आवाज कुठून ऐकू येणार? म्हणून याच्या पंखांना ती मऊ झालर नसते आणि उडताना आवाज येतो. अल्लाहने प्रत्येकाला त्याच्या रोजीपुरती हत्यारे दिली आहेत.

आता अपशकुनाचे. इस्लामपूर्व अरबांची समजूत होती, की खून झालेल्या माणसाचा सूड घेतला नाही तर त्याच्या डोक्यातून 'हामा' नावाचा पक्षी निघतो आणि ओरडत राहतो. अनेक भाष्यकारांनी हामा म्हणजे घुबड असे सांगितले आहे. प्रेषित मुहंमद (स.) यांनी शकुन-अपशकुनाबरोबर हामाची समजूतही नाकारली. ही हदीस सहीह बुखारीत आहे. मग आपल्या घरात ती भीती अजून का?

या भीतीपायी घुबडांना दगड बसतात आणि जादूटोण्यासाठी ती पकडली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे. डोह आटले, काठची ढोलीची झाडे तुटली, की मत्स्य घुबडाला ना अन्न उरते ना घर. ते जिथे घुमते तिथे पाणी जिवंत आहे, एवढाच त्याच्या आवाजाचा अर्थ.

पुढच्या वेळी घुबड बोलले, तर मुलाच्या हातातला दगड काढून घ्या आणि त्याला ही गोष्ट सांगा.