एक्क्याऐंशी सालचं लेकरू

१ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा होऊन जालना जिल्हा झाला. परतूर तालुका परभणीकडून आला. ते साल संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून जाहीर केलेले. त्याच साली लंडनमध्ये लॉर्ना विंग या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी एक निबंध छापला. व्हिएन्नाच्या हान्स आस्पर्गर यांनी १९४४ मध्ये जर्मन भाषेत नोंदवून ठेवलेली मुलांची निरीक्षणे त्यांनी इंग्रजी वाचकांपुढे आणली. ऑटिझमचा एकच ठरीव साचा नसतो, त्याच्या पुष्कळ छटा असतात, ही समजूत त्यानंतर रुजत गेली. विंगबाईंची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती.

या नव्या जिल्ह्यातल्या मंठ्यात किंवा अंबडमध्ये त्या साली असे लेकरू जन्मले असेल, तर त्याच्या आईपर्यंत यातली एकच गोष्ट पोचली असणार: जिल्हा बदलला.

लेकरू बोलत नाही हे घरात दोन-अडीच वर्षांनी ध्यानात यायचे. "बाप बी उशिराच बोलला होता," म्हणून आणखी दोन वर्षे निघून जायची. मग शब्द सुरू व्हायचे. येडं, खुळं, मुकं. जरा मायेने बोलणारा असेल तर भोळं, देवाघरचं. बाहेरचं काही लागलंय म्हणून वाऱ्या व्हायच्या. भोकरदन तालुक्यातला जाळीचा देव त्यासाठी दूरवर ठाऊक आहे. हे महानुभाव पंथीयांचे स्थान. त्यांचे चक्रधरस्वामी ज्यांना गुरू मानत ते रिद्धिपूरचे गोविंदप्रभू लोकांना वेडेच वाटत. मनाला येईल तिथे जात, कुणाच्याही घरचे खात, निर्जीव वस्तूंशी बोलत. त्यांच्या लीळांचे एक अख्खे चरित्र तेराव्या शतकातल्या मराठीत आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजचे निदान चिकटवणे हा पोरखेळ होईल. पण वेगळे वागणाऱ्याला सांभाळून घेणारी, त्याच्या वागण्यात अर्थ शोधणारी एक मराठी रीत होती, एवढे त्यावरून दिसते. ही रीत संतांच्या वाट्याला आली. शेजारच्या गल्लीतल्या पोराच्या वाट्याला क्वचितच.

डॉक्टरकडे गेलेच तर कागदावर एकच शब्द मिळे: मतिमंद. त्यात सगळेच डॉक्टरांचे चुकत होते असे नाही. कायद्याकडेही दुसरा शब्द नव्हता. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो पहिल्यांदा नावानिशी आला. मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला. शब्द देखणा आहे, पण निम्मा चुकीचा. पुष्कळ ऑटिस्टिक मुले स्वतःत मग्न नसतात. बाहेरचे सगळेच, म्हणजे कुकरची शिट्टी, ट्यूबलाइटचा गुणगुणाट, शर्टाच्या कॉलरची चिठ्ठी, एकदम आणि भडक होऊन अंगावर येते, म्हणून ती आत सरकतात. वर्तमानपत्रांनी तर 'ऑटिझमग्रस्त' चालवला. दुष्काळग्रस्त, गारपीटग्रस्त, तसा ऑटिझमग्रस्त. मराठवाड्यातल्या वाचकाला हा प्रत्यय कुणी समजावून सांगायला नको. आपत्ती आली, आता पंचनामा आणि मदत.

आपत्ती म्हटली की दोषी हवाच. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये अख्खे पुस्तक लिहून थंड काळजाच्या आयांना जबाबदार धरले. जालन्यातल्या सासूने ते पुस्तक वाचण्याची गरज नव्हती. "तूच त्याच्याशी बोलत नाहीस" हे तिचे वाक्य स्वयंभू होते. पुढे आईच्या जागी मोबाइल आला. खरे तर बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्येच मांडले होते की मूळ मेंदूच्या घडणीत आहे, आईच्या वागण्यात नाही. तोही एका ऑटिस्टिक मुलाचा बाप. या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसते. दिल्लीत १९९१ मध्ये 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' सुरू करणाऱ्या मेरी बरुआ आईच. जालन्यापासून साठेक किलोमीटरवर, संभाजीनगरात 'आरंभ' हे केंद्र उभे करणाऱ्या अंबिका टाकळकर याही आईच. ज्यांच्यावर बोट ठेवले गेले त्यांनीच शाळा काढल्या.

सरकारी यंत्रणा हलली ती ६ फेब्रुवारी २०१३ ला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात पालघरला झाली. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाच्या तपासणी यादीत ऑटिझम आला. प्रमाणपत्रासाठी भारतीय मोजपट्टीही तयार होती: चाळीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज सत्तरच्या खाली तर ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. मूल नजरेला नजर देते का, हा त्यातला अगदी सुरुवातीचा प्रश्न. आता घनसावंगीच्या एखाद्या वाडीतले पोर घ्या. मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलणे तिथे उद्धटपणात जमा होते. तपासणारा जाणता असेल तर दोन्हींतला फरक ओळखतो. नसेल तर आकडा घसरतो किंवा फुगतो. मोजपट्टी नसावी असा याचा अर्थ नाही. ती नसती तर निरामय आरोग्य विम्याचे एक लाखापर्यंतचे संरक्षणही मिळाले नसते. पण चाळीसच्या चाळीस प्रश्न मुलाविषयीच आहेत. त्याच्या भोवतालाविषयी एकही नाही.

भोवतालाचा प्रश्न विचारला तो ऑटिस्टिक माणसांनीच. १९९३ मध्ये टोरंटोच्या परिषदेत जिम सिंक्लेअर यांनी जमलेल्या आईबापांना सांगितले की आमच्यासाठी शोक करू नका. तुमच्या कल्पनेतले मूल आले नाही याचे दुःख वेगळे, आणि जे आले आहे ते मूल वेगळे. आपल्याकडे टीटो मुखोपाध्याय हा जवळजवळ न बोलणारा मुलगा लिहीत होता. त्याच्या लहानपणीच्या लेखनाचे पुस्तक २००० मध्ये इंग्लंडात निघाले, आणि बोलत नाही म्हणजे समजत नाही, हा हिशेब कोलमडला. अशा लोकांच्या आपसांतल्या चर्चेतून 'न्यूरोडायव्हर्सिटी', म्हणजे मेंदूंची विविधता, ही कल्पना घडली. ऑस्ट्रेलियाच्या ज्यूडी सिंगर यांनी ती १९९८ च्या प्रबंधात मांडली. जैवविविधतेसारखीच ही विविधता; तिच्यात एक मेंदू अस्सल आणि बाकीचे बिघडलेले, असे नसते.

गंमत अशी की त्याच १९९८ मध्ये जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. १९६४ मध्ये त्यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी काढली आणि हे शहर बियाण्यांचे झाले. संकरित वाणाचे कौतुक उत्पन्नासाठी, आणि सगळी झाडे एका उंचीची, एकदम फुलावर येणारी, यासाठीही. त्या शिवारात हा गुणच आहे. वर्गात तीच अपेक्षा ठेवली की शेवटच्या बाकावरचे पोर हात फडफडवते म्हणून "आमच्याकडं जमायचं नाही" असे ऐकावे लागते.

२०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने आणखी एक गाठ सोडवली. ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचे मन कळत नाही असे म्हणतात, पण दुसऱ्याला तरी त्याचे कुठे कळते? एडिंबरात कॅथरिन क्रॉम्प्टन यांनी सहकाऱ्यांसह हे पडताळून पाहिले. २०२० मध्ये निष्कर्ष आले. खेळ कानगोष्टींचाच: आठ-आठ जणांच्या साखळीत एक गोष्ट पुढे सांगत न्यायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जेवढी टिकली तेवढीच सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत टिकली. मिश्र साखळीत मात्र ती जास्त सांडली.

म्हणजे समजून घेणे दोन्हीकडून व्हायला हवे. जालन्यात उतरवायचे तर हे फार साधे आहे. धुळवडीच्या हत्ती रिसाल्याच्या मिरवणुकीतल्या गर्दीत पोराला ओढत न नेता गच्चीवरून दाखवणे, कानावर आवाज अडवणारे हेडफोन देणे. बोलत नसेल तर चित्रांची कार्डे किंवा मोबाइलवरचे बोलके अ‍ॅप देणे. त्याने बोलणे खुंटते ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. हात फडफडवणे मारून बंद न करणे, कारण त्याने ते स्वतःला सावरत असते.

यावर एक रागाचा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. ज्याचा मुलगा विशीतही स्वतःच्या हाताने जेवत नाही, रात्र रात्र झोपत नाही, डोके भिंतीवर आपटतो, त्या बापाला 'विविधता' ऐकवायची? विविधता म्हणजे मदत नको, असे न्यूरोडायव्हर्सिटीची चळवळ म्हणत नाही. बोलण्याची, हातांची थेरपी हवी, झोपेवर, फिट्सवर औषधही हवे. नको आहे ते 'बरा करून देतो' हे आमिष. ऑटिझमवर स्टेम सेलचे उपचार लाखो रुपये घेऊन विकले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाला सांगावे लागले की याला आधार नाही आणि असा उपचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. तोवर कितीजणांची शेते गहाण पडली, याची नोंद कुठल्या कचेरीत सापडायची?

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले, ऑटिझम त्यांत आला. परीक्षेत तासाला वीस मिनिटे जादा मिळतात, लेखनिकही मिळतो. मूल अठरा वर्षांचे झाले की पालकत्वाचा अर्ज कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. कागद पुष्कळ पुढे आले आहेत.

२०११ च्या जनगणनेने जालन्यात १९ लाख ५९ हजार माणसे मोजली. अपंगत्वाच्या रकान्यांत ऑटिझम नव्हता. जिल्ह्याबरोबर जन्मलेले ते लेकरू तेव्हा तिशीत होते. प्रगणकाने त्याला 'मतिमंद' किंवा 'इतर' यांत कुठे तरी घातले असेल, किंवा घरच्यांनी सांगितलेच नसेल. आता त्याने चाळिशी ओलांडली आहे. असा माणूस बहुतेक गावांत असतो. गुरे सांभाळतो, आठवडी बाजाराचे वार आणि एसटीच्या वेळा त्याला तोंडपाठ असतात. लग्नात बँड सुरू होण्याआधी त्याची थोरली बहीण त्याला हाताला न धरता नुसती पुढे चालत मळ्यातल्या विहिरीकडे घेऊन जाते, आणि पंगत बसली की ताट तिकडेच नेऊन देते.