खेळाचा संगणक आणि खिशाचा मेळ

बँकेच्या कर्ज विभागात उभी हयात घालवलेल्या माणसाकडे नातेवाईक बहुधा दोनच कामांसाठी येतात : जामीन राहण्याची विनंती करायला, किंवा समोरचा फसवीत तर नाही ना, हे पाहून घ्यायला. २०२५ च्या दिवाळीनंतर माझा भाचा आला तो या दुसऱ्या कामासाठी. तो येथेच, जबलपुरात, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने दरमहा अडीच हजार रुपयांची आवर्ती ठेव सलग दोन वर्षे चालविली होती. तिची मुदत नुकतीच पूर्ण झाली होती. माझ्या धाकट्या बहिणीने आपल्याकडचे पाच-सहा हजार त्यात घातले आणि रक्कम सत्तर हजारांपर्यंत गेली. या पैशांतून त्याला संगणक घ्यावयाचा होता. खेळांसाठी आणि त्रिमितीय आरेखनासाठी. यांतील दुसरे कारण खरे की आईच्या समाधानासाठी पुढे केलेले, हे मी विचारले नाही.

“मामा, तुम्हांला संगणकातले काही कळले नाही तरी चालेल. तुम्ही फक्त बरोबर चला,” तो म्हणाला. शेजारी पिकल्या केसांचा माणूस उभा असला की दुकानदार जरा जपून बोलतो, असे त्याचे साधे गणित होते.

हुद्दा आणि रुजू झाल्याची तारीख

ओळखीच्या एका विक्रेत्याने त्याला तयार संगणकच देऊ केला होता. काचेची पेटी, सात रंगांत उजळणारे पंखे, ‘आय सेव्हन’ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, वेगळे ग्राफिक्स कार्ड, आणि किंमत सत्तर हजारांच्या बरीच आत. मला तर व्यवहार उत्तम वाटला. ‘आय थ्री’, ‘आय फाइव्ह’, ‘आय सेव्हन’ या चढत्या भाजणीत सेव्हन वरचा, एवढे माझे ज्ञान. भाच्याने मात्र एकच प्रश्न विचारला, “भैया, जनरेशन कौन सी है?” उत्तर आले, तिसरी. तेथून आम्ही निघालो.

घरी येताना त्याने मला समजावले ते बँकेच्या भाषेत सांगतो. ‘आय सेव्हन’ हा हुद्दा आहे. पिढी म्हणजे रुजू झाल्याची तारीख. इंटेलची तिसरी पिढी २०१२ सालची. २०२२ मध्ये आलेला बाराव्या पिढीचा साधा ‘आय थ्री’ त्या जुन्या ‘आय सेव्हन’ला खेळांमध्ये सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ ही प्रणाली अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते, आणि विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ‘व्हॅलोरंट’ हा आमच्या चिरंजीवांचा आवडता खेळ तर विंडोज ११ वर टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था सुरू असल्याशिवाय उघडतच नाही. म्हणजे तो झगमगता डबा विकत घेतल्या दिवशीच निवृत्त होता. अशा जुन्या प्रोसेसरांसाठी कोरे करकरीत मदरबोर्ड आजही बाजारात मिळतात, त्यामुळे पेटी उघडून पाहणाऱ्यालाही सारे नवेच दिसते.

ग्राफिक्स कार्डाची गोष्ट याहून सूक्ष्म. येथे नाव तेच ठेवून आतला माल बदललेला असतो, आणि हा उद्योग दुकानदाराचा नव्हे, खुद्द उत्पादकांचा. एनव्हिडियाचे ‘जीटी १०३०’ हे छोटे कार्ड २०१७ साली आले. पुढच्या वर्षी त्याच नावाने साधी डीडीआर ४ स्मृती लावलेला प्रकार निघाला, आणि त्याच्या स्मृतीचा वेग मूळ कार्डाच्या जवळजवळ एक तृतीयांश भरतो. ‘आरटीएक्स ३०५०’ ची ८ जीबीची आवृत्ती २०२२ ची, ६ जीबीची २०२४ ची. वरवर पाहता फरक दोन जीबीचा. प्रत्यक्षात नंतरच्या आवृत्तीत गणन करणारे घटकही कमी आणि स्मृतीकडे जाणारा मार्गही अरुंद. (तिची एक बाजूही सांगितली पाहिजे : तिला वीज इतकी कमी लागते की बहुतेक नमुन्यांना वेगळी तार जोडावी लागत नाही.) कार्डाचे पूर्ण नाव, जीबी आणि स्मृतीचा प्रकार कोटेशनवर लिहून घ्यावा, तो यासाठीच.

पैशांची वाटणी

खरेदीची सुरुवात पडद्यापासून करावी, हे मला या प्रकरणात प्रथमच कळले. मॉनिटर १९२० गुणिले १०८० बिंदूंचा असेल, तर त्याहून मोठ्या चित्रासाठी बनविलेले महाग कार्ड घेऊन उपयोग नाही. पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवीत असेल, तर कार्डाने दीडशे तयार केली तरी डोळ्यांपर्यंत साठच पोहोचतात. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ सारख्या चपळ खेळांत भार प्रोसेसरवर अधिक पडतो, आणि तेथे १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर खरोखर कामास येतो. मोठ्या कथांचे, डोळे दिपविणाऱ्या दृश्यांचे खेळ सारे ओझे ग्राफिक्स कार्डावर टाकतात. भाच्याला दोन्ही हवे होते. तेव्हा एकूण रकमेचा तिसरा हिस्सा कार्डासाठी बाजूला काढून उरलेल्या पैशांत बाकीचे बसवायचे, असे त्याने ठरविले. कार्ड निवडले ते एएमडीचे ‘आरएक्स ६६००’, ८ जीबीचे. २०२१ सालचे, पण या पडद्यासाठी पुरेसे. प्रोसेसर ‘रायझन ५ ५६००’, सहा कोअरचा.

हा प्रोसेसर बसतो एएम ४ या जुन्या खाचेत. २०२२ मध्ये आलेल्या एएम ५ खाचेला पुढे कित्येक वर्षे नवे प्रोसेसर मिळत राहतील, तेव्हा तीच घ्यावी, असा माझा आग्रह होता. बँकेतील माणूस नेहमी दीर्घ मुदतीचा विचार करतो. पण नव्या खाचेला डीडीआर ५ रॅमच लागते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत रॅमच्या बाजाराने उचल खाल्ली होती. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणककेंद्रांकडून मागणी आली, कारखान्यांनी आपले उत्पादन तिकडे वळविले आणि २०२५ च्या अखेरीस डीडीआर ५ चे किरकोळ भाव काही महिन्यांत दुपटीच्याही पुढे गेले. क्रुशियल या नावाने घरगुती ग्राहकांना रॅम विकणाऱ्या मायक्रॉन कंपनीने डिसेंबरमध्ये तो व्यवसायच बंद करीत असल्याचे जाहीर केले. डीडीआर ४ ही महागली, पण ती जुनी मिळते. महाविद्यालयातील एका वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडून भाच्याने ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या, आणि पैसे देण्यापूर्वी रात्रभर त्यांची तपासणी चालू ठेवली. १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन चांगल्या. दोन मार्गांनी माहिती ये-जा करते.

मग ग्राफिक्स कार्डही जुनेच का नको? मी विचारले. त्याचे उत्तर मला पटले. रॅममध्ये झिजणारे असे काही नसते. कार्डात पंखे असतात, उष्णता असते, आणि पूर्वायुष्य असते. इथेरियम या आभासी चलनासाठी अहोरात्र राबविलेली कार्डे, १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धत बदलताच, जगभर जुन्या बाजारात आली. त्यांतील कोणते कार्ड किती तापून आले, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले नसते.

अधिकृत भांडवल, भरणा झालेले भांडवल

आता त्या भागाविषयी, ज्याकडे कोणी पाहत नाही. पेटीच्या कोपऱ्यात वीज पुरविणारा एक लोखंडी डबा असतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. तो दिसत नाही, त्याने खेळ वेगाने चालत नाही, म्हणून अंदाजपत्रकात काटछाट होते ती प्रथम त्याचीच. स्वस्त कॅबिनेटबरोबर तो जवळजवळ फुकटच येतो आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘४५० वॅट’ असे छापलेले असते. भाच्याने मला एका डब्यावरचा बारीक तक्ता वाचायला लावला. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली वीज १२ व्होल्टच्या वाटेने घेतात. त्या वाटेपुढे १८ अँपिअर लिहिले होते. बारा गुणिले अठरा, म्हणजे २१६ वॅट. साडेचारशेचे काय झाले? कंपनीच्या अधिकृत भांडवलाचा आणि भरणा झालेल्या भांडवलाचा फरक ज्याने आयुष्यभर तपासला, त्याला हे कोडे तत्काळ उलगडले. मोठा आकडा पाटीवर लिहिण्यासाठी, छोटा व्यवहारासाठी.

त्याच्या यंत्राची भूक अशी : ग्राफिक्स कार्ड १३२ वॅट, प्रोसेसर साधारण ७५, उरलेल्या मंडळींना पन्नासेक. म्हणजे सव्वादोनशे ते तीनशेच्या दरम्यान. नामांकित बनावटीचा ५५० वॅटचा एसएमपीएस घेतला, तोही पाच वर्षांच्या हमीचा. ‘८० प्लस’ ही मुद्रा असावी, पण ती वीज किती कमी वाया जाते एवढेच सांगते. डबा किती काळ टिकेल, हे नाही. यूपीएसच्या बाबतीतही असाच हिशेब आहे. ६०० व्हीएचा सर्वसाधारण यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच देतो. तेवढ्यात खेळ थांबवून यंत्र नीट बंद करण्यापुरती मिनिटे मिळतात.

याच ओघात माझ्या बहिणीच्या घरातील जुनी वायरिंग उघडी पडली. तिच्याकडच्या जुन्या संगणकाच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येत. सर्वांनी ती त्या यंत्राची खोड समजून सोडून दिली होती. वायरमनने भिंतीतला सॉकेट उघडला, तेव्हा तिसऱ्या, मोठ्या भोकामागे तारच नव्हती. अर्थिंग नसलेल्या त्या खोलीत मूल वर्षानुवर्षे अभ्यास करीत होते. अंदाजपत्रकातील पहिली रक्कम मग संगणकाच्या दुकानात न जाता अर्थिंगच्या तारेवर गेली, आणि कॅबिनेट त्या प्रमाणात साधे घ्यावे लागले. साधे, पण पुढून जाळीचे. जबलपूरच्या मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. पुढे बंद काच असलेल्या पेटीला तीच तापलेली हवा पुनःपुन्हा प्यावी लागते. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचू लागला की स्वतःला वाचविण्यासाठी वेग उतरवतो, मग विकत घेतलेला वेग उन्हाळाभर पेटीतच पडून राहतो. आपल्याकडे घरोघरी असणाऱ्या वाळ्याच्या कूलरसमोरही यंत्र ठेवू नये. थंडावा मिळतो खरा, पण ओलाव्यासकट.

मढातालच्या बाजारात

जबलपुरात संगणकाचे सुटे भाग म्हटले की मढातालचे जयंती कॉम्प्लेक्स. (नावात ताल आहे, बावन तालांचे गाव म्हणविणाऱ्या या शहरात असे पाणी नसलेले ताल पुष्कळ आहेत.) दिल्लीचे नेहरू प्लेस किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड येथील भाव भाच्याने पाठ केले होते, आणि काही वस्तू तेथून मागविल्यास हजार-पंधराशे वाचत होते. आम्ही तीन दुकानांतून लेखी कोटेशन घेतले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : कार्ड बिघडले तर ते दुरुस्तीला पाठवायचे कोणी, तुम्ही की आम्ही? ज्याने “हमारे यहाँ छोड़ जाइए” असे बिनदिक्कत सांगितले, त्याचा भाव सर्वांत कमी नव्हता. तरी कार्ड, मदरबोर्ड आणि एसएमपीएस त्याच्याकडून घेतले. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घेतला. सुटा, खोक्याविना येणारा थोडा स्वस्त पडतो, पण त्याला उत्पादकाची किरकोळ ग्राहकासाठीची हमी नसते. विक्रेता म्हणेल तेवढीच. बिल जीएसटीचे, १८ टक्के कर भरून, प्रत्येक वस्तूच्या अनुक्रमांकासह. बिलाविना काही टक्के कमी करण्याची तयारी एकाने दाखविली होती. हमी मागायला जाताना हातात काय असणार, याचा विचार केला की ती सवलत फार महाग पडते.

एका ठिकाणी ‘विनाव्याज हप्ते’ घेऊन याहून मोठे कार्ड घ्या, असाही सल्ला मिळाला. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे. वस्तूच्या सवलतीतून व्याज वळते केले जाते आणि त्या व्याजावरचा जीएसटी बहुधा ग्राहकाच्याच माथी येतो. बहिणीची अट होती की कर्ज नको. कर्ज वाटण्यात आयुष्य गेलेल्या मीही तिला दुजोरा दिला.

जोडणी घरीच झाली, रात्री अकरापर्यंत. कळ दाबली, पंखे फिरले, पडदा काळा. भाचा पांढरा पडला. दोन वर्षांच्या शिकवण्या त्या टेबलावर होत्या. सारे पुन्हा उघडले, रॅम काढून बसविली, काही होईना. शेवटी पहाटेच्या सुमारास ध्यानात आले की मॉनिटरची तार ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या छिद्रात लावली होती, आणि त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे चित्र उमटविण्याची सोयच नाही. तार चार बोटे खाली सरकवली आणि पडदा उजळला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन गोष्टी उघडकीस आल्या : १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर मुकाट्याने ६० वरच चालला होता, आणि रॅमही तिच्या खोक्यावरच्या वेगाने धावत नव्हती. दोन्ही वेग यंत्रात आपण होऊन निवडावे लागतात. कित्येक घरांत ते वर्षानुवर्षे निवडलेच जात नसतील.

बिले, खोकी आणि हमीच्या तारखा यांची एक फाईल मी त्याला करून दिली. त्याच वेळी सहज सांगितले की, प्राप्तिकराच्या नियमांत व्यवसायातल्या संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा धरतात. त्याने मनातल्या मनात हिशेब केला : सत्तरचे बेचाळीस, बेचाळीसचे सव्वापंचवीस, मग पंधरा. “म्हणजे मामा, तिसऱ्या वर्षाच्या आत कार्ड विकायला हवे,” असे म्हणून त्याने फाईलच्या मुखपृष्ठावर तारीख टाकली.