रिटर्न मिळालं का?

नवी मुंबईतल्या कळंबोलीतून निघालेली खाली, म्हणजे रिकामी, गाडी लांबूनही ओळखू येते. ताडपत्रीची घडी केबिनवर, रस्सा गुंडाळून ठेवलेला आणि लिफ्ट अ‍ॅक्सल असेल तर एक जोडी चाकं रस्त्यापासून उचललेली. तेवढे टायर वाचतात. बाकी खर्च चालूच राहतो. म्हणून वाराईची, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीची, घासाघीस संपली की ट्रकवाले एकमेकांना पहिलं विचारतात, "रिटर्न मिळालं का?" रिटर्न म्हणजे परतीचं भाडं.

गेल्या काही वर्षांत मालवाहतुकीत पुष्कळ बदललं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली आणि नाक्यांवरच्या लांबच लांब रांगाही गेल्या. जुलै २०१८ मध्ये अ‍ॅक्सलमागची वजनमर्यादा वाढली, तसा तेवढाच माल कमी गाड्यांत मावू लागला. फेब्रुवारी २०२१ पासून टोलसाठी फास्टॅग सक्तीचा झाला. टोल मात्र गाडीच्या प्रकारावर लागतो. गाडी भरलेली असो की खाली, पैसे तेवढेच.

हिशेब सरळ आहे. समजा, ६०० किलोमीटर खाली परतायचं आहे आणि रिकामी गाडी लिटरला ६ किलोमीटर देते. ९० रुपये दराने ९,००० रुपयांचं नुसतं डिझेल. त्यावर टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता. अड्ड्यावर थांबावं तर बँकेचा हप्ता थांबत नाही. माल मिळवून देणाऱ्या दलालाला ही अडचण पक्की ठाऊक असते. म्हणून परतीचा माल पुष्कळदा जेमतेम डिझेल निघेल एवढ्या भाड्यात भरला जातो. एकच गाडी असलेला मालक यात सर्वांत आधी भरडला जातो.

एप्रिल २०२० च्या टाळेबंदीत केंद्रीय गृहमंत्रालयाला स्पष्ट लिहावं लागलं, की माल पोचवून परतणाऱ्या किंवा माल आणायला निघालेल्या रिकाम्या ट्रकलाही जाऊ द्यावं. खाली गाडी अडवली की उद्याचा माल अडतो, हे तेव्हा सगळ्यांना पटलं. भाडं ठरवताना मात्र ते पुन्हा विसरलं गेलं.

नाक्यावर वाचलेले तास आता भाड्याची वाट बघण्यात जातात. परतीचा माल मिळण्याची खात्री नसेल, तर खाली फेरीच्या खर्चाचा वाटा माल पाठवणाऱ्याने जातानाच्या भाड्यात धरला पाहिजे. गाडी त्याच्याच कामासाठी तिथवर गेलेली असते.