साडेबारा टक्क्यांचं शहर

एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के साडेबाराशे. त्यातले तीस टक्के शाळा, मैदानं, दवाखाने अशा सामाजिक सुविधांच्या नावाने सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, वळते करून घेते. हातात उरतात ८७५ चौरस मीटर. कामोठे, खारघर, उलवे या गावांतल्या साठी ओलांडलेल्या कुठल्याही माणसाला हा हिशेब तोंडपाठ असतो, कारण त्याच्या घराण्याची भातशेती याच आकड्यात बसवली गेली.

नवी मुंबईविषयी लिहिणारे बहुतेक जण आराखड्यापासून सुरुवात करतात. १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकाने मुंबईवर विशेषांक काढला. त्यात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या जोडशहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन अधिसूचित झाली. कल्पनेचा गाभा अर्थशास्त्राचा होता. शेताच्या भावाने जमीन घ्यायची, रस्ते-पाणी आणायचं, वाढलेल्या भावाने भूखंड विकायचे आणि त्या नफ्यातून पुढचं शहर बांधायचं. सरकारी तिजोरीवर भार न टाकता शहर उभं राहील, हे गणित खरंही ठरलं. मात्र वाढलेला भाव ज्याची जमीन त्याला नव्हे, शहराला मिळणार, ही त्याची दुसरी बाजू होती. ही बाजू गावांना वाचता येत नव्हती असं समजण्याचं कारण नाही.

ती जमीन ओसाड नव्हती. बरीचशी खारजमीन होती. उधाणाचं पाणी बांधाने अडवायचं, उघाडीतून ओहोटीला पावसाचं पाणी सोडायचं आणि आतल्या खाऱ्या मातीत राता भात पिकवायचा, ही आगरी आणि कोळी वस्तीची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. शेजारी मिठागरं, शेततळ्यात जिताडा, चिखलात निवट्या. सिडकोच्या अभियंत्यांनी पुढे हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर केली. भरतीच्या पातळीखालची जमीन राहती ठेवायची, तर पावसाचं पाणी भरती ओसरेपर्यंत कुठेतरी थोपवायला हवं. म्हणून वाशी-नेरूळ-बेलापूरच्या काठाला धारण तलाव खोदले गेले आणि त्यांना झडपा बसवल्या गेल्या. आता त्या तलावांत गाळ भरला आहे, कांदळवन माजलं आहे आणि ते काढायचं तर उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. गावच्या उघाडीची देखभाल बांधाआतल्या शेतकऱ्यांची होती. बांध फुटला तर पीक त्यांचंच बुडायचं.

मोबदल्यावरून असंतोष वाढत गेला. पनवेलचे वकील, जासईचे सुपुत्र आणि शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांनी त्याला दिशा दिली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात आंदोलकांवर गोळीबार झाला. पाच शेतकरी मारले गेले. याच तालुक्यातल्या चिरनेरने १९३० सालचा जंगल सत्याग्रह आणि त्यातला गोळीबार पाहिलेला होता, म्हणजे सरकार कशाने हलतं याचा अनुभव इथल्या लोकांना नवा नव्हता. या हौतात्म्यानंतर काही वर्षांनी, १९९० च्या दशकात, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना अमलात आली. नियोजनकारांना ही सवलत वाटली. तिने शहराचा चेहरा किती बदलला, हे मात्र फारसं कुणी लिहीत नाही.

कामोठ्यात फिरून पाहावं. या नोडचा, म्हणजे सिडकोने आखलेल्या उपनगराचा, मोठा भाग साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांचा आहे. भूखंड लहान, मालक वेगवेगळे. बहुतेकांकडे बांधायला पैसा नव्हता, म्हणून बिल्डरबरोबर करार झाला. अनेकांची तर वाटपाआधीच भूखंडाच्या हक्काची ‘फाईल’ विकली गेली. त्या फायलींच्या व्यापारात कोण किती कमावून गेलं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. परिणाम असा, की प्रत्येक भूखंडावर स्वतंत्र इमारत, स्वतंत्र कुंपण, स्वतंत्र पाण्याची टाकी आणि वॉचमनची स्वतंत्र खुर्ची. मुलांना खेळायला आवार नाही. पण या भूखंडांवर बांधकामाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत वाणिज्य वापराची मुभा होती आणि ती कुणी सोडली नाही. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर दुकानं आली. किराणा, पोळी-भाजी केंद्र, झेरॉक्स, दातांचा दवाखाना, शिवणकाम, क्लासेस. जुन्या वाशीत सेक्टरचं एक शॉपिंग सेंटर आखून दिलेलं होतं आणि बाकीचे रस्ते संध्याकाळी मुके असायचे. कामोठ्यात रात्री दहालाही रस्त्यावर पाय ठेवायला जागा शोधावी लागते. पार्किंगचा गोंधळ आहे, पाण्याची ओरड आहे, तरी शेजार म्हणून मला कामोठंच जास्त जिवंत वाटतं. आखणाऱ्यांनी ते तसं आखलेलं नव्हतं.

भूखंड मिळाले, पण गावांचं काय? शेती संपादित झाली आणि गावठाण तेवढं वगळलं गेलं. आराखड्यात प्रत्येक गाव म्हणजे एक मोकळं सोडलेलं वर्तुळ. कुटुंबं वाढत गेली, गावठाणाची हद्द मात्र रेखली होती तिथेच राहिली. मुलाचं लग्न झालं की खोली चढवायची किंवा हद्दीबाहेर आपल्याच जुन्या शेतात, म्हणजे आता सिडकोच्या जमिनीवर, घर बांधायचं. सरकारी कागदांत यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. पहिली काही वर्षं शब्द अचूक होता. नंतर चार-पाच मजले चढले, तेव्हा गरज कुणाची, घरमालकाची की शहराची, हा प्रश्न विचारायला हवा होता.

बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये कोरियांनी १९८० च्या दशकात आर्टिस्ट्स व्हिलेज उभारलं. सुमारे साडेपाचशे कुटुंबांसाठी लहान-लहान अंगणांभोवती घरं, आणि कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. हेतू असा, की संसार वाढेल तसं घर वाढावं आणि शेजाऱ्याची परवानगी लागू नये. घरं खरोखरच वाढली. मूळ आकार आज ओळखू येऊ नये इतकी. जगभरचे वास्तुकलेचे विद्यार्थी ते पाहायला येतात, ‘वाढत्या घरांचा’ अभ्यास करतात. तिथून जवळच्याच कुठल्याही गावठाणात घरं याच तर्काने वाढलेली आहेत, पण ती बघायला येतं ते अतिक्रमणविरोधी पथक. गावठाणातल्या इमारती सुरक्षित आहेत असं मी म्हणत नाही. दोन इमारतींमध्ये हात पसरायला जागा नसते, अग्निशमनाची गाडी आत शिरत नाही, पाया कुणी तपासलेला नसतो. मात्र वाढायला जागा ठेवलेलं घर आणि वाढायला जागाच न ठेवलेलं घर यांना एकच नियम लावून एकाला आदर्श आणि दुसऱ्याला गुन्हा ठरवणं मला पटत नाही.

शिवाय या घरांनी शहराचं एक मोठं काम केलं. सुरुवातीच्या काळात सिडको स्वतः लहान घरं बांधत असे. वाशीतल्या जेएन प्रकारच्या वसाहती त्यातल्याच. पुढे भर भूखंडांच्या लिलावावर गेला आणि लिलावाचा भाव चढला की घराचाही चढतो. मग टॉवरमध्ये काम करणारी बाई, सुरक्षारक्षक, रिक्षावाला, मॉलमधली विक्रेती, रुग्णालयातली नर्स राहणार कुठे? तुर्भे, कोपरखैरणे, नेरूळ, तळोजा, कुठलंही गाव घ्या. वन रूम किचन भाड्याने मिळतं ते तिथे. शेत गेलेल्या आगरी कुटुंबाला भाडं हेच पीक झालं. खाली मालक, वर भाडेकरू. उत्तर प्रदेशचा सुतार, बीडची नर्स, ओडिशाचा फिटर. गावदेवीच्या जत्रेची वर्गणी सगळ्यांकडून, पालखीचा मान मात्र जुन्या घराण्यांचा.

नवी मुंबई महानगरपालिका १९९२ साली अस्तित्वात आली, पनवेल महानगरपालिका २०१६ साली. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबईची लोकसंख्या ११ लाख २० हजार भरली. त्यानंतर वाढीचा जोर दक्षिणेकडे सरकला. बेलापूर–पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल यांचं एकाच दिवशी उद्‌घाटन झालं. विमानतळाचं उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदी वळवली गेली आणि दहा गावांच्या वस्त्या हलल्या. या वेळी टक्का साडेबावीस होता. विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून जून २०२१ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. बाहेरच्यांना तो नावाचा वाद वाटला. साडेबारा टक्के ज्यांनी मिळवून दिले त्यांचं नाव साडेबावीस टक्क्यांच्या जमिनीवर असावं, इतकं ते गावांना सरळ होतं.

विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्राच्या नियोजनासाठी २०१३ साली सिडकोची नेमणूक झाली. तिथे संपादन नाही; नगररचना परियोजनेत साठ टक्के जमीन द्यायची आणि चाळीस टक्के विकसित होऊन परत घ्यायची. साडेबारा, साडेबावीस, चाळीस. आकडा चढत गेला, तरी तिथल्या गावांतून विरोध आहेच, कारण शेजारच्या नोडमध्ये काय घडलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

गरजेपोटीच्या घरांबाबत २०२२ च्या शासन निर्णयाने मूळ गावठाणाच्या हद्दीपासून २५० मीटरपर्यंतची घरं नियमित करण्याची वाट मोकळी केली. अंमलबजावणीची चर्चा सिडको, महापालिका आणि प्रकल्पग्रस्तांच्या कृती समित्या यांच्यात चालते. पुढचा टप्पा समूह पुनर्विकासाचा, आणि तिथे मालकाला किती क्षेत्र मिळावं यावर बैठकांमागून बैठका होतात. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सला त्या बैठकीचं निमंत्रण नसतं. तिच्याकडे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असतो. घरमालक ओळखीचा असेल, तर तोही नसतो.