मलेशियातील इस्लामी बँकव्यवसाय आणि जागतिकीकरण

विकसनशील देशांतील व्याजमुक्त बँकव्यवसायाचा विचार करताना मलेशियाचे उदाहरण विशेष अभ्यसनीय ठरते. तेथे या व्यवस्थेची सुरुवात एका साध्या गरजेतून झाली. हज यात्रेसाठी पैसा साठवणारे ग्रामीण मलय मुसलमान व्याजाच्या धास्तीने बँकेपासून दूर राहत. त्यांच्यासाठी अर्थतज्ज्ञ उंग्कू अझीझ यांनी १९५९ मध्ये योजना मांडली आणि १९६३ मध्ये तीनुसार बचतसंस्था स्थापन झाली. १९८३ च्या इस्लामी बँकिंग कायद्यानंतर त्याच वर्षी 'बँक इस्लाम मलेशिया' सुरू झाली.

इस्लामी अर्थविचारात व्याज (रिबा) निषिद्ध, तर व्यापारातील नफा ग्राह्य आहे. आदर्श मानली जाते ती मुदारबा, म्हणजे भांडवलदार व उद्योजक यांची नफ्यातील भागीदारी. मलेशियात घरासाठीच्या वित्तपुरवठ्यात मात्र 'बै बिथमान आजिल' ही विक्रीपद्धती रूढ झाली. बँक घर विकत घेते आणि वाढीव किमतीस ग्राहकाला हप्त्यांनी विकते. ही किंमत कराराच्या दिवशीच कायम होत असे.

नेमकी येथेच जागतिकीकरणाने या पद्धतीची कसोटी पाहिली. १९९७ च्या आशियाई वित्तसंकटात रिंगिट घसरला, व्याजदर चढले. पारंपरिक बँकांनी कर्जे महाग करून ठेवीदारांना अधिक व्याज दिले. इस्लामी बँकांना मात्र करारात गोठलेली किंमत वाढविता येईना, आणि ठेवी तर त्याच बाजारातून मिळवावयाच्या होत्या. अखेर २००३ मध्ये बदलत्या दराची बै अस्तित्वात आली. तीत कमाल किंमत आधी ठरते आणि बाजारदराच्या चढउतारानुसार सूट दिली जाते. नाव नफ्याचे, माप व्याजदराचे, असेच याचे वर्णन करावे लागेल. २००२ मध्ये मलेशियन शासनाने आंतरराष्ट्रीय बाजारात ६० कोटी डॉलरचे सुकूक, म्हणजे शरीअतसंमत रोखे, विकले. त्यांचा परतावाही लंडनच्या आंतरबँक व्याजदराशी, लायबोरशी, जोडलेला होता.

या तडजोडीची झळ कोणाला बसली? हप्ते थकलेल्या घरमालकाकडून बँका उर्वरित काळाच्या नफ्यासह संपूर्ण विक्रीकिंमत मागत. व्याजी कर्जातही इतकी मागणी होत नाही! २००८ मध्ये उच्च न्यायालयाने अशा करारातील नफा अग्राह्य ठरविला. २००९ मध्ये अपील न्यायालयाने ही भूमिका नाकारून करार विक्रीचाच असल्याचे मान्य केले. न मिळविलेल्या नफ्यावर सूट देणे बँकांना बंधनकारक झाले ते २०११ मध्ये, मध्यवर्ती बँकेच्या आदेशाने.