जुन्या टोपाचा जीर्णोद्धार

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी मंदिलाखाली पोलादी टोप घातला होता. मस्तकावरचा घाव टोपाने झेलावा, ही युक्ती जगभरच्या योद्ध्यांना ठाऊक होती. आज युद्धात असे टोप उरले नाहीत. परंतु आनंदपूर साहिब व नांदेड येथे होला मोहल्ल्याला निहंग शीख आपले शस्त्रकौशल्य दाखवितात, आणि युरोपात हौशी मंडळी चिलखत घालून मध्ययुगीन द्वंद्वे खेळतात. या द्वंद्वांत टोपावर खरेखुरे प्रहार बसतात. त्यास पोचे पडतात, गंज चढतो. असा टोप पुन्हा डोक्यावर घालण्याजोगा कसा करावा?

प्रथम पत्र्याची जाडी पाहावी लागते, कारण गंजाने आणि घासण्याने पत्रा झिजतो. टोप न कापता हे कसे कळावे? येथे ध्वनी उपयोगी पडतो. श्राव्यातीत ध्वनिलहरी पोलादातून सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने जातात. दीड मिलिमीटर जाडीतून जाऊन परत येण्यास त्यांना सेकंदाचा सुमारे वीस लाखावा भाग लागतो. एवढा सूक्ष्म काळ मोजणे हे उपकरणशास्त्राचे काम होय. चंडीगढच्या सेक्टर ३० मधील केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्था याच शास्त्राला वाहिलेली आहे. ती १९५९ मध्ये दिल्लीत स्थापन झाली व १९६२ मध्ये चंडीगढला गेली.

जाडी पुरेशी असेल तर पोचा आतून हळूहळू ठोकून काढतात. परंतु थंड पोलाद ठोकले असता ते कठीण होते, आणि तितकेच ठिसूळही. म्हणून मऊ पोलादाचा टोप अधूनमधून सुमारे ६५० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सावकाश निववितात. पाणी देऊन कठीण केलेला टोप मात्र असा तापवू नये. त्याचे पाणी उतरते व तो पुढच्या घावास दबतो.

सुटा गंज खरवडून काढल्यावर उरलेल्या गंजावर टॅनिक आम्ल लावतात. आपल्या हिरड्यात असलेल्या टॅनिनांच्या वर्गातलेच हे द्रव्य. त्याच्या योगे गंजाचे निळसर काळ्या, स्थिर संयुगात रूपांतर होते. वर मेणाचा पातळ थर दिला की दमट हवा लोखंडापर्यंत सहज पोहोचत नाही. शेवटी आतील गादी नवी बसवावी. टोप घाव अडवितो खरा, पण धक्का सौम्य करते ती गादी. कारण ती दबताना धक्क्याचा काळ वाढतो व डोक्यावरील बल कमी होते.

संग्रहालयातील टोपाचा न्याय मात्र निराळा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचे चिलखत आहे. अशा वस्तूवरील पोचा हा इतिहासाचा पुरावा असतो. तो ठोकून सरळ केला, किंवा वस्तू घासून लखलखीत केली, तर सोन्याची नक्षी आणि घावाची खूण दोन्ही कायमची जातात. तेथे गंजाची वाढ थांबवावी आणि हात आवरावा. खेळाडूच्या टोपात मस्तक वाचवायचे असते. संग्रहालयातील टोपात साक्ष वाचवायची असते. हातोडा उचलण्यापूर्वी कारागिराने हा भेद ओळखला पाहिजे.